डबा बसता कामा नये

सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे तो काळा डबा संगणकाला जोडला, आणि डबा काही केल्या उठेना.

डबा म्हणजे बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. घरात तिला त्या नावाने कोणी ओळखत नसे. बाबा निवृत्त होईपर्यंत पाणथळीच्या पाहणीवर होते. नोकरी सांभाळून, निव्वळ हौसेपोटी, गुडघाभर चिखलात उभं राहून त्यांनी तिथल्या पाखरांचे आवाज वर्षानुवर्षं टिपले होते. पुढे ती पाणथळ बुजवली आणि तिच्यावर गोदामं उभी राहिली. राहिले ते आवाज, आणि तेही या एकाच डब्यात. दुसरी प्रत काढायची काढायची म्हणता राहून गेली होती.

आत टक्-टक् वाजायचं, काहीतरी फिरू पाहायचं आणि थांबायचं. हात पुसत आलेली सून दारातच थबकली. बऱ्याच वेळाने डबा घरघरला, दिवा लागला, पडद्यावर पाखरांची नावं उमटली, तेव्हा बाबांनी चष्मा काढून डोळे टिपले. सुनेनं न पाहिल्यासारखं केलं आणि दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

तो बाहेरगावी होता, संध्याकाळपर्यंत येणार होता. नवा डबा घेऊन येतो, सगळं त्यात उतरवून देतो म्हणाला. घरच्या संगणकात एवढं मावणारं नव्हतं. फिरतोय तोवर काही चिंता नाही, पण उठतानाच त्याचा जीव जातोय, आता झोपला तर पुन्हा उठेल अशी खात्री मी देणार नाही, असंही त्यानं स्पष्ट सांगितलं. डिस्कला झोपू देणारी खूण संगणकात कुठे असते ते विचारून सुनेनं ती काढून टाकली. पण एवढ्यावर विसंबू नका, तो म्हणाला. हे जुने डबे संगणकाचंही ऐकत नाहीत, काम दिसलं नाही की आपल्या मनानं डोळे मिटतात. त्यावर नवीन काही लिहायचं नाही, पण थोड्या थोड्या वेळानं त्याला काहीतरी विचारत राहायचं.

हे सगळं सून स्वयंपाकघरात सांगत होती ते अक्कांना. अक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. उभा जन्म रुग्णालयात परिचारिका म्हणून काढलेली बाई. गुडघे पार गेलेले, पण त्यांना बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. भाजी उभ्यानं निवडायच्या, वर्तमानपत्र येरझाऱ्या घालत वाचायच्या. बसले की मला उठवायला दोन माणसं लागतात, चालतेय तोवर चालतेय, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे माझ्या गुडघ्यांचंच दुखणं आहे त्याला," त्या म्हणाल्या. "त्याला बसू द्यायचं नाही, एवढंच ना?"

त्यांनी हात धुतले, कोरडे केले आणि पहिलं काम केलं ते म्हणजे संगणकाच्या भिंतीवरच्या बटणावर चिकटपट्टी लावली. खोलीतून निघताना दिसेल ते बटण बंद करायची बाबांची जन्माची खोड.

"माझ्यावर विश्वास नाही होय?" बाबा म्हणाले.

"मला न्हाणीघरात अंधारात ठेवून बाहेरून दिवा मालवणारा तू. तुझ्यावर कसला विश्वास ठेवू?"

मग अक्कांचा फेरा सुरू झाला. एक आवाज उघडायचा, थोडा वाजू द्यायचा, बंद करायचा. मध्ये खिडकीपर्यंत जाऊन यायचं. आल्यावर डब्याच्या कडेला तळहात टेकवायचा, कपाळावर ठेवावा तसा, अगदी हलका. आतली थरथर हाताला लागली की पुढचा आवाज. घड्याळाकडे त्या बघतसुद्धा नव्हत्या. वॉर्डातल्या फेऱ्यांचं घड्याळ अंगातच भिनलेलं. ओठ तेवढे हलत होते. कामात असताना त्या मनातल्या मनात देवाचं नाव घेतात हे सुनेला ठाऊक होतं. बाळंतपणात ती तापानं फणफणली होती तेव्हाही उशाशी हेच ओठ असे हलत होते. त्या वेळी वाटलं होतं, आपल्यासाठी म्हणून. आज एका डब्यापाशीही त्यांची निष्ठा तसूभर कमी नव्हती, हे पाहून सुनेला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

दुपारी अक्का जेवायला गेल्या, अर्थात उभ्यानंच, आणि त्यांची जागा सुनेनं घेतली. आपल्याकडून कसूर नको म्हणून ती अगदी टेबलाला चिकटून बसली. तिनं बाबांचा सगळ्यात लाडका आवाज लावला. एक करडं पाणपाखरू, घड्यात थेंब पडावेत तसं बोलणारं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग पुन्हा. आवाज स्वच्छ येत होता, बाबांनी समाधानानं मान मागे टेकली होती. एवढंच तर काम, तिला वाटलं.

अक्का परत आल्या. त्यांनी डब्याला हात लावला आणि तो तिथंच राहिला.

"सूनबाई, हा झोपला गं."

"पण वाजतंय की अक्का." पाखरू त्या क्षणीही बोलत होतं. दिवा मात्र विझला होता, आणि घरघर कधी थांबली ते तिला कळलंच नव्हतं.

अक्कांनी डब्याकडे दुसरा आवाज मागितला. टक्. टक्-टक्. बाबा उठून उभे राहिले, खुर्चीची पाठ घट्ट धरून. सुनेचा हात वायरीकडे गेला तसा अक्कांनी तो दाबून धरला.

"हलवू नकोस. त्याचं त्याला उठू दे."

टक्-टक्. थांबलं. पुन्हा टक्. अक्कांचा दुसरा तळहात डब्यावरून हलला नाही. मग आत काहीतरी अडखळलं, वळलं, आणि घरघर पकडली.

सुनेनं दुरुस्तीवाल्याला फोन केला तेव्हा कोडं उलगडलं. एकदा वाचलेलं संगणक स्वतःपाशी ठेवून घेतो. पुन्हा तेच मागितलं की दारातल्या दारात तोच देऊन मोकळा होतो, आतल्याला उठवायला जातच नाही. दर वेळी नवीन मागायला हवं.

तिचा चेहरा एवढासा झाला. "तुम्ही बरोबर दर वेळी वेगळं लावत होता. तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय डोंबल माहीत? सवय आपली," अक्का म्हणाल्या. "आजाऱ्याला 'बरंय ना' विचारलं की तो झोपेतसुद्धा हो म्हणतो. म्हणून मी दर खेपेला नवं विचारायची. भेटायला कोण आलं होतं, मुलगी कितवीत आहे. मग खरंच जागं व्हावं लागतं." एवढं बोलून त्यांनी पुढचं पाखरू लावलं. झाल्या गोष्टीचा उल्लेख त्यांनी नंतर एकदाही केला नाही.

आता लाडक्यांना सोडून नावं पुढे सरकू लागली. "हा कोण रे?" अक्का विचारायच्या. गोदामं उभी राहिल्यापासून बाबा पाणथळीबद्दल अवाक्षर काढत नसत. आधी नुसती नावं सांगत राहिले. मग एका आवाजाला म्हणाले, थांबा, शेवटी माझी शिंक आहे. होडीत पालथं पडून तासभर दाबली होती. सगळ्यांनी कान लावले. शिंक आली, आणि पाण्यावरचं अख्खं रान फडफडून उडालं. अक्का हसता हसता टेबलाला टेकल्या. दुपारची झोप कधी न चुकवणाऱ्या बाबांनी त्या दिवशी उशी मागितली नाही.

उन्हं कलली तेव्हा एक आवाज लागला, लांबून येणारा, मध्येच तुटणारा. बाबा पुढे वाकले.

"हा... हा मी कधी टिपला? अक्का, पुन्हा लाव."

"पुन्हा नाही. नवीन विचारायचं."

"एकदाच. हे पाखरू तिथं कोणी पाहिल्याचंसुद्धा ऐकिवात नाही."

"उद्या ऐक," अक्का म्हणाल्या आणि पुढचं लावलं.

दिवेलागणीला दुरुस्तीवाला आला. डबा जागाच होता. त्यानं नवा डबा जोडला, आणि जेवणवेळेपर्यंत सगळी पाखरं इकडून तिकडे उतरली, शिंकेसकट. फेऱ्यांचं ऐकल्यावर तो म्हणाला, आम्ही यासाठी छोटासा प्रोग्रॅम लावतो, तो दर मिनिटाला डिस्कवरचं कुठलंतरी वेगळं पान उघडतो. अक्कांकडे बघत पुढे म्हणाला, पण त्याला हातानं थरथर कळत नाही.

नव्या डब्यातून बाबांनी तो तुटका आवाज ऐकला. पुन्हा ऐकला. मग पुन्हा. आता तेच तेच मागायला कोणाची हरकत नव्हती.

चिकटपट्टी बाबांनीच काढली. बटणापाशी नेलेला हात मात्र जरा वेळ तसाच राहिला. "अक्का, तू कर," ते म्हणाले. अक्कांनी जुन्या डब्याला एकदा हात लावला आणि बटण बंद केलं. घरघर हळूहळू उतरत गेली.

मग त्या सरळ चालत गेल्या आणि बाबांच्या खुर्चीत बसल्या. सगळे बघतच राहिले.

पानं वाढून झाल्यावर एका बाजूनं बाबा आणि दुसऱ्या बाजूनं सून, असे दोघं त्यांना उठवायला गेले.