वादळाच्या फळ्या

सकाळपासून वारा पडला होता. कुंडीतल्या झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. असं झालं की वादळ वाटेला लागलंय हे कळायला हवामान खात्याची गरज नसते. खात्यानं तरी आपलं काम चोख केलं होतं. संध्याकाळी वादळ येणार, पाणी भरून ठेवा, घराबाहेर पडू नका, खिडक्या पक्क्या बंद करा.

"पक्क्या बंद करा म्हणे," थोरली सून पिंप भरता भरता म्हणाली. "कशानं करायच्या?"

तिच्या नवऱ्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो उंबऱ्याशेजारच्या दगडावर एक वाकडा खिळा ठोकून सरळ करत बसला होता. माणूस धंद्यानं किल्लीवाला. गावभर लोकांची कुलपं उघडत फिरायचा आणि स्वतः मात्र तोंडाला कुलूप लावून बसायचा. खिळा सरळ करायची सवय बापाची. सासरे सुतार होते, आणि त्यांच्या घरात वाकडा खिळा टाकून देणं म्हणजे पाप. दोन्ही मुलांनी वारशात आणखी काय घेतलं ते देव जाणे, खिळ्यांचे डबे मात्र दोघांकडेही काठोकाठ भरलेले होते.

खिडक्यांचं उत्तर घरातच होतं. सासऱ्यांनी हयातीत प्रत्येक खिडकीला फळ्यांची जोडी करून ठेवली होती, एक डावी, एक उजवी. दोन्ही एकमेकींत खाचेत बसायच्या आणि वर आडव्या दांड्याचा अडणा पडायचा. लिहिण्यावाचण्याशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं, म्हणून कुठली जोडी कुठल्या खिडकीची हे फळीच्या कडेला खाचा पाडून ठेवलेलं. एक खाच म्हणजे स्वयंपाकघर, तीन म्हणजे समोरची मोठी खिडकी. "वारा एकदा आत शिरला ना, की छप्पर त्याचं," असं ते म्हणायचे.

ते गेले आणि धाकट्यानं त्यांचं सुतारकामाचं मेज न विचारता कुणाला तरी देऊन टाकलं. थोरला त्याच मेजावर रंधा धरायला शिकला होता. त्याला ते फार लागलं. शब्दानं शब्द वाढला आणि घराच्या वाटण्या झाल्या. पुढचं घर थोरल्याला, मागचं धाकट्याला. वाटणी इतकी काटेकोर, की वादळाच्या फळ्यांतही कुणाला जास्त जायला नको म्हणून सगळ्या डाव्या थोरल्यानं घेतल्या, सगळ्या उजव्या धाकट्यानं. असला न्याय याच दोघांना सुचावा! पुढे मधल्या खोलीत आडभिंत हवी झाली, तेव्हा मध्ये एक चौकट उभी राहिली. थोरल्यानं आपल्या डाव्या अलीकडून ठोकल्या, धाकट्यानं आपल्या उजव्या पलीकडून. दुसऱ्याच्या भिंतीआड राहायला दोघांचीही तयारी नव्हती.

तेव्हापासून त्या भिंतीला कुणी हात लावला नव्हता. दोघी जावा मागच्या दोरीवर कपडे वाळत घालताना पोटभर बोलत, पण नवरे दिसले की एकीला दोरी दिसायची आणि दुसरीला आभाळ. थोरलीला या नाटकाचा मनापासून कंटाळा आला होता.

थोरल्यानं दुपारपर्यंत जमेल ते केलं. टाकीचं झाकण बांधलं, कुंड्या आत घेतल्या, समोरच्या खिडकीला गादी लावून पाहिली. गादी घसरली. मग कपाट सरकवलं. कपाट खिडकीच्या निम्म्यापर्यंतच आलं.

"अहो, आपल्या फळ्या काढा की."

"नुसत्या डाव्या काढून काय करू? अर्धी खिडकी झाकू?"

"मग भाऊजींना हाक मारा."

"त्याला गरज असेल तर तो मारेल."

पलीकडूनही फरफर काहीतरी सरकवल्याचा आवाज येत होता. धाकटा बेकरीतून लवकर घरी आला होता आणि त्याचंही कपाट बहुधा अर्ध्यावरच पोचलं होतं. थोरलीला हसू आलं, पण लगेच विरलं. बाहेर आता पत्र्याची एक कड वाजायला लागली होती. तिला भीती वाटली, खरीखुरी.

"एवढं सगळं वाटलंत," ती म्हणाली, "छप्पर कुणाच्या वाट्याला आलंय तेवढं सांगा. मग मी गप्प बसते."

थोरला वर बघत राहिला. छप्पर एकच होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बापानं घातलेलं.

थोरलीनं हातोडी उचलली, मधल्या खोलीत गेली आणि हातोडीच्या उलट्या टोकानं पहिला खिळा उपटायला घेतला. खिळा असा किंचाळला की पलीकडचं सरकवणं जागच्या जागी थांबलं.

"अगं, काय करतेस!"

"तुम्ही ठोकलेला खिळा काढतेय."

"अशानं वाकेल तो. आण इकडे."

तिला हेच हवं होतं. त्यानं हातोडीखाली लाकडाची चपटी ढलपी धरली आणि खिळा अलगद वर घेतला. मग दुसरा. पलीकडे चिडीचूप. तिसरा खिळा निघाला तरी चिडीचूप. थोरल्याचा हात थांबला. त्याचे कान लाल झाले होते. आणखी थोडा वेळ तसाच गेला असता, तर त्यानं ते तिन्ही खिळे परत ठोकले असते, हे थोरलीला ठाऊक होतं.

तेवढ्यात पलीकडून एक खिळा किंचाळला.

मग दोन्हीकडून काम सुरू झालं. फळ्या एकेक करून उतरल्या, आणि शेवटी रिकाम्या चौकटीच्या दोन बाजूंना दोन भाऊ हातात हातोड्या घेऊन उभे राहिले. धाकट्याच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते. भिंतीच्या इतक्या जवळ राहून थोरल्यानं ते पाहिले नव्हते.

"दादा," धाकटा म्हणाला, "तीन खाचांची डावी दे. आधी मोठी खिडकी करू."

थोरल्यानं फळी पुढे केली. "सांभाळून धर. कड सुटलीय."

खिडक्या झाकून झाल्या तोवर वारा शीळ घालायला लागला होता. चौघं मधल्या खोलीत बसली, बेकरीतून आणलेला पाव आणि चहा घेऊन. छप्पर रात्री पुष्कळ कुरकुरलं, पण जागचं हललं नाही. एकदा जोराचा दणका बसला, तेव्हा दोघा भावांनी एकदमच वर पाहिलं आणि एकदमच म्हणाले, "मधला वासा." थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं लपवलं नाही.

सकाळी ऊन पडलं. खिडक्या उघडल्या, फळ्या उतरून मधल्या खोलीत आणून ठेवल्या. चौकट तिथेच उभी होती. चौघांनाही एकच प्रश्न पडला होता आणि कुणी तो विचारत नव्हतं.

थोरल्यानं काढलेल्या खिळ्यांचा डबा उघडला, आत बोट फिरवलं. "सगळे वाकलेत," तो म्हणाला. "पुन्हा ठोकण्याजोगे नाही राहिले."

"माझेही," धाकटा म्हणाला. "एकही सरळ नाही."

थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं. मग चहाचा कप घेऊन उंबऱ्याशेजारच्या, खिळे सरळ करायच्या त्या दगडावर जाऊन ठाण मांडून बसली.