तो चेहरा कुणाचा?

चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या बाईचा दिवसभर लोकांच्या नाकाकानांशीच व्यवहार. कुणाचा एक कान वर आहे, कोण नंबर वाढलाय हे कबूल करणार नाही, हे तिला गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत कळायचं. अशा बाईला नवरा मिळावा नट, आणि नट तरी कसला? वर्षानुवर्षं गुन्हेगारी मालिकांमध्ये हा आपला मुडदा. कधी सतरंजीत गुंडाळलेला, कधी गाडीच्या डिकीत कोंबलेला. नातेवाईक त्याला तोंडावर 'मुडदेभाऊ' म्हणत आणि बापडा ओ देत असे.

मग एका तऱ्हेवाईक दिग्दर्शकाला काय सुचलं कोण जाणे, त्याने या मुडद्याला उठवून चक्क बोलायला लावलं. सिनेमा खुनाचा, पण हसून हसून पोट दुखेल असा. हा त्यातला भित्रा कारकून. मालकाच्या कॉफीत साखरेऐवजी उंदराचं औषध घालून बसतो आणि मग येईल त्याला 'हृदय बंद पडलं हो' असं सांगत सुटतो. बाकीचे नट डोळे फिरवतात, धडपडतात, ओरडतात. हा नुसता अदबीने उभा असतो आणि थिएटर याच्यावरच हसतं. समीक्षक म्हणाले, काय ताकदीचा नट इतके दिवस झाकून ठेवला होता!

बायकोला मात्र आतली गोष्ट ठाऊक होती. हा माणूस स्वतःच्या मनाने काही म्हणजे काही रचू शकत नाही. जे करतो ते कुणाचं तरी उचललेलं असतं. मग काय, तिला नादच लागला. दुपारी दुकान बंद असलं की ती एकटीच जाऊन सिनेमा बघायची आणि चोरीचा माल ओळखत बसायची. ती पाय घासत चाल समोरच्या कुलुपवाल्याची. बोलण्याआधीचं खाकरणं थोरल्या जाऊबाईंचं, त्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील. भिऊन बोटं मोडणं तर खुद्द तिचंच. तिला रागही आला आणि अभिमानही वाटला.

एका जागी मात्र गाडी अडली. मेलेल्या मालकाची बहीण येते आणि विचारते, शेवटी काही बोलला का? कारकून तिच्याकडे बघतच नाही. तिच्या खांद्यावरून घसरलेला पर्सचा पट्टा नीट करतो आणि हळूच म्हणतो, "झोपेतच गेले. काही बोलले नाहीत." लोक खुर्चीतून पडायचे बाकी राहतात, कारण मालक टेबलावर चढून शिव्या हासडत मेलेला सगळ्यांनी बघितलेला असतो. तीही आधी पोट धरून हसली होती. पण हा मऊ, सावध चेहरा कुणाचा? तिने सगळं गणगोत मनातून चाळून काढलं. कुणाचाच बसेना.

आणि एका दुपारी, आजूबाजूला हशा पिकलेला असताना, तिला तो चेहरा ओळखू आला. काही वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या गॅलरीत ती धापा टाकत पोचली होती, तिचे बाबा नुकतेच गेले होते, आणि नवऱ्याने तिच्या पर्सचा पट्टा नीट करत हेच शब्द सांगितले होते. तिला पुढचा सिनेमा दिसेना. म्हणजे तेव्हाही हा खोटंच बोलला होता; बाबा काहीतरी बोलले होते, आणि ते आपल्याला कधी कळलंच नाही, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

रविवारी सकाळी तो इस्त्री करत होता. तिने आडपडदा ठेवला नाही.

"तो चेहरा तुम्ही स्वतःचाच उचललात," ती म्हणाली. "बाबा काय बोलले ते आता सांगा."

त्याने इस्त्री बंद केली. खोटं बोलायला त्याच्याकडे दुसरा चेहरा नव्हता, म्हणून खरं बोलला. बाबा शुद्धीवर होते. सारखे विचारत होते, ती आली का. तिचा फोन आला होता, पुलावर अडकलेय म्हणून. ती वेळेत पोचत नाही हे त्याला दिसत होतं. मग त्याने सांगितलं, आली, खाली गाडी लावतेय. एवढ्यावर थांबला नाही. दारात जाऊन रिकाम्या गॅलरीकडे बघत त्याने हाक मारली, अगं, चल लवकर, बाबा वाट बघतायत. नर्ससुद्धा कोण आलं म्हणून वळून बघायला लागली. हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार? वाट बघत गेले हेच तिच्या मनात जन्मभर सलत राहिलं असतं.

तिने समोरचा शर्ट उचलून त्याची घडी घातली.

"त्यांना खरं वाटलं?"

"म्हणाले, तिला म्हणावं सावकाश लाव. घाईत ठोकते नेहमी."

यावर ती आधी हसली. मग इस्त्री केलेल्या कपड्यांच्या ढिगावरच बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बापासाठी पोटभर रडली.