पुसलेली काच

"डावा डोळा मिटा आणि समोरच्या टेकडीवरचं कुंपण बघा," शिकारीच्या सामानाच्या दुकानातली रोक्सॅन म्हणाली.

"दिसतंय की. थोडं धुकं आहे," ऑरिन जुन्या दुर्बिणीतून बघत म्हणाला. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

घरोघर गॅस पोचवण्यात ऑरिनचा जन्म गेला होता. एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला, की दरवर्षी तो काच धुरकटल्याची कुरकुर करायचा. त्याची बायको लव्हॉन दुर्बीण पुसून आणायची. तो खिडकीतून बघून "अजून नाही" म्हणायचा, ती पुन्हा आत न्यायची आणि शेवटी काच स्वच्छ व्हायची. तिच्यासारखी काच पुसणारं माणूस अख्ख्या मोंटानात नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. यंदा मात्र कितीही पुसली तरी व्यर्थ. "नर की मादी कळत नसेल तर गोळी झाडायची नाही. बंदूक विकतो," त्याने जाहीर केलं. तेव्हा लव्हॉननेच त्याला दुकानात ओढून आणलं.

रोक्सॅनने दुर्बिणीची उजव्या डोळ्याकडची फिरती कडी चाचपली. "काच उत्तम आहे. उजवा डोळा अधू झालाय तुमचा. अशा डोळ्याला स्पष्ट दिसावं म्हणून ही कडी फिरवायची असते, पण ती पार टोकाला गेलीय. कोण फिरवत होतं?"

"मी तर हातही लावलेला नाही!"

लव्हॉन लोकरीचे मोजे उलटेपालटे करत उभी होती.

"म्हणजे तू पुसतच नव्हतीस?"

"आधी पुसायची, मग फिरवायची."

"मला सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर डोंगरावर गेला असतास? घरात बसून माझंच डोकं खाल्लं असतंस."

ऑरिनला राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. एवढी वर्षं आपण काचेची तारीफ करत होतो!

"डॉक्टरांना दाखवाच. तोवर ही बघा," म्हणत रोक्सॅनने दुसरी दुर्बीण पुढे केली. "हिची कडी बरीच जास्त फिरते."

ऑरिनने ती डोळ्यांना लावली. "लव्हॉन, जरा पुस."

"अरे, नवी कोरी आहे."

"पुस म्हणतो ना."

ती जवळ आली. या वेळी सगळ्यांदेखत तिने हळूच कडी फिरवली.

"आता?"

"थोडं अजून."

कुंपणाच्या तारा एकमेकींपासून सुट्या झाल्या.

"बास," तो म्हणाला. पण दुर्बीण काही त्याने बराच वेळ डोळ्यांवरून काढली नाही.