न मागितलेली वाट

दर जानेवारीत, कडू संत्री बाजारात आली की बाबा मार्मलेड करत आणि त्यातली एक बरणी मिस फॉसेट यांच्या दगडी भिंतीवर ठेवून येत. या वसंतात ती बरणी मला नको त्या वेळी आठवत होती.

कारण होतं लेडलची वाट. आमच्या हॉकरडेल गावातून निघून, मिस फॉसेट यांच्या कुरणातून आणि मग त्यांच्या राईतून ती वर लेडलच्या धबधब्यापर्यंत जाते. कुठल्याच नकाशावर ती नाही. बाबा दर रविवारी त्या वाटेने जात. मी आधी त्यांच्या खांद्यावर बसून गेले, मग मागे मागे, आणि नोकरीला लागल्यावर सुट्टीत घरी आले की बरोबरीने. गेल्या नोव्हेंबरात बाबा गेले. त्याच सुमारास मिस फॉसेटनी वयामुळे कुरण आणि राई विकली. नवे मालक मिस्टर ड्रेक लीड्स शहरातले. त्यांनी राईला फाटक आणि कुलूप लावायचं ठरवलं, तेव्हा गावाने कौन्सिलकडे दावा केला.

आमच्याकडचा कायदा या बाबतीत मोठा चमत्कारिक आहे. लोक वीस वर्षं एखाद्या वाटेने उघडपणे चालले, त्यांनी काही मोडलं-तोडलं नाही, लपूनछपून ये-जा केली नाही आणि कुणाची परवानगीही घेतली नाही, तर ती वाट सगळ्यांची होते. पण मालकाने ‘खुशाल या’ म्हटलं असेल, तर ती नुसती मेहेरबानी. ती केव्हाही काढून घेता येते. म्हणजे सभ्यपणे विचारणारा माणूस हरतो. आणि आमच्या गावात तर खांबाला धडकलेला माणूस खांबाचीच माफी मागतो.

त्या वाटेने सगळ्यात जास्त वर्षं बाबा चालले होते. गुरुवारी कौन्सिलचा माणूस वाटेची पाहणी करायला येणार होता आणि बाबांच्या जागी मला विचारणार होता. दरवर्षी न चुकता बरणी ठेवणारा माणूस आभारच मानत असणार. आणि आभार कशाचे, तर परवानगीचे. तसं असेल तर मला ते सांगावं लागणार होतं. खोटं बोलायला बाबांनी मला शिकवलं नव्हतं, आणि आता शिकवायला ते नव्हते.

म्हणून बुधवारी मी मिस फॉसेटकडे गेले. आता त्या चर्चमागच्या छोट्या घरात राहतात. नव्वदीला टेकल्या आहेत, दोन काठ्या घेऊन चालतात. दार उघडल्या उघडल्या त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

“बूट घातलेत ना? मग आत कशाला येतेस? चल.”

“कुठे?”

“धबधब्याला. मे महिना आहे, पोरी. घरात बसून बोलायला डिसेंबर असतो.”

कुरणाच्या भिंतीत दोन उभ्या दगडांमध्ये एक फट आहे. माणूस अंग तिरकं करून त्यातून निघतो, मेंढी अडकते. मिस फॉसेटनी काठ्या माझ्या हातात दिल्या आणि सरकन पलीकडे गेल्या.

“शेजारची एनिड थ्वेट अडकली होती इथे गेल्या वर्षी,” त्या समाधानाने म्हणाल्या. “एनिड इकडे, केक तिकडे. आधी केक सोडवला आम्ही.”

वर कुठेतरी कर्ल्यू ओरडत होता. त्या पक्ष्याची शीळ खालून सुरू होते आणि चढत चढत फुटते, तळाशी उकळी फुटावी तशी. आम्ही दोघी थांबलो. इथे कर्ल्यू ओरडला की सगळेच थांबतात.

राईत शिरलो आणि ब्लूबेलची फुलं दिसली. दरवर्षी वाटतं, या खेपेला आपण तयार आहोत, आणि दरवर्षी मी तयार नसते. तो निळा रंग जमिनीवर नसतोच, तो जमिनीच्या वीतभर वर तरंगतो. बीचच्या झाडांची पालवी अजून इतकी कोवळी होती की ऊन तिला भेदून हिरवं होऊन खाली येत होतं आणि निळ्यात विरत होतं. ओढ्याच्या काठाने रानलसूण पांढऱ्या फुलांनी भरून गेली होती. तिचा वास नाकात शिरला आणि बाबांचा कोट आठवला. खिशात ती पानं कोंबून आणायचे, सँडविचमध्ये घालायला. मिस फॉसेटनी चाल मंद केली.

लेडलचा धबधबा मोठा नाही. चुनखडीच्या काळपट पायऱ्यांवरून पाणी उतरतं आणि शेवटी एकदम धीर करून उडी घेतं. खालच्या डोहात चहाच्या रंगाचं पाणी फिरत असतं. पांढऱ्या छातीचा डिपर पक्षी एका दगडावर उभा राहून गुडघ्यात वाकत होता, जणू कुणाला तरी मुजरा करतोय, आणि मग सरळ पाण्याखाली चालू लागला. किती वेळा पाहिलंय मी हे, पण अजूनही श्वास रोखला जातो.

मिस फॉसेटनी थर्मास काढला. फ्रूट केक आणि त्यावर चीजचा तुकडा, आमच्याकडे खातात तसा.

“विचार आता,” त्या म्हणाल्या.

“बाबांना तुम्ही परवानगी दिली होती का?”

“तुझे वडील फार सभ्य होते. तेवढा एकच दोष.” त्यांनी केकचा घास संपवला. “आले होते एकदा. तू जन्मायची होतीस. दारात उभे, टोपी हातात. ‘मिस फॉसेट, मी जरा विचारायला…’ एवढं म्हणाले आणि मी दार लावलं.”

“तोंडावर?”

“मग काय पाठीवर लावतात? थोडक्यात नाक वाचलं त्यांचं.”

“पण का?”

“विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. म्हणणार नाही कशी? इतका चांगला माणूस. मग वाट माझी देणगी झाली असती. देणाऱ्याबरोबर देणगी जाते, पोरी. मला मूल ना बाळ. माझ्यामागे कोण येणार हे मला तेव्हाच दिसत होतं.” त्यांनी डोहाकडे पाहिलं. “हे काय कुणी एकट्याने देण्यासारखं आहे?”

“बाबांना ते कळलं?”

“रविवारी मी खिडकीत उभी होते. ते आले, कुरण ओलांडलं, वर गेले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, हुशार आहे.”

“आणि मार्मलेड?”

“फार कडू असायचं.”

“मिस फॉसेट!”

“भिंतीवर बरणी सापडली, मी खाल्ली. चिठ्ठी कधी नव्हती. रिकामी बरणी धुऊन ठेवली, ती कुणीतरी नेली. कोण, ते मी कधी विचारलं नाही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “या जानेवारीत भिंत रिकामीच होती.”

बाबा कधीकधी जेवताना एकदम म्हणायचे, “काय दार लावते ती बाई!” एखाद्या मोठ्या गायिकेबद्दल बोलावं तसं. मी तो टोमणा समजत आले होते.

गुरुवारी झिमझिम पाऊस होता. मी मिस फॉसेटना बरोबर घेऊन गेले. कौन्सिलचे मिस्टर ओल्डरॉइड कुरणाच्या भिंतीशी उभे होते, शेजारी मिस्टर ड्रेक. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळ्यांसाठी छत्र्या आणल्या होत्या.

“तुमच्या वडिलांनी कधी परवानगी मागितली होती?” ओल्डरॉइडनी मला विचारलं.

“मागायला गेले होते. वाक्य पुरं व्हायच्या आत यांनी दार लावलं. त्यानंतर पुन्हा कधी विचारलं नाही, आणि दर रविवारी दिवसाढवळ्या गेले. दरवर्षी यांच्या भिंतीवर मार्मलेडची बरणी ठेवायचे, तेही सांगते.”

ओल्डरॉइड मिस फॉसेटकडे वळले. “तुम्ही नाही म्हणालात? की हो?”

“काहीच नाही. दाराला बोलता येत नाही.”

“आणि बाकीच्या लोकांना?”

“साऱ्या गावाला जाताना बघितलं. एका शब्दाने बोलावलं नाही, एका शब्दाने अडवलं नाही. सोपं नव्हतं हो ते. चांगली माणसं होती.”

ओल्डरॉइडनी चष्म्यावरचं पाणी पुसलं. “निर्णय वरून यायचा, पण माझ्यापुरतं एवढं पुरे. चला, आता त्या वाटेने जाऊन बघू.”

आम्ही फटीपाशी आलो. मिस्टर ड्रेक सवयीने बाजूला झाले, हात पुढे केला. “या ना, तुम्ही आधी…”

“मिस्टर ड्रेक!” मिस फॉसेटनी काठी दगडावर आपटली. “या म्हणायचं नाही. कुणालाच.”

ते गोरेमोरे झाले. “माफ करा.”

“ते म्हटलेलं चालेल.”

ओल्डरॉइड आकाशाकडे बघू लागले. मी फटीत शिरले, अंग तिरकं करून, ओले दगड पोटापाठीला घासत. मिस्टर ड्रेक माझ्यासाठी छत्री धरून उभे होते, आणि ‘थँक यू’ माझ्या जिभेवर येऊन थांबलं. जन्मात इतकं जड काही गिळलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बाबा जायचे तशी कुरणातून चालत राहिले, वर, पाण्याच्या आवाजाच्या दिशेने.