आधीच टोचून आलेली पत्रं

मी एक जुनी तार आहे, मित्रांनो. पत्रं लावायची तार. तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्यासारखी वस्तू पाहिलेली नसेल, म्हणून आधी माझं रूप सांगते. खाली सागवानाची छोटी गोल चकती, तिच्या मधोमध उभी राहिलेली एक पोलादी काडी, आणि काडीचं वरचं टोक गळासारखं वाकवून, घासून अणकुचीदार केलेलं. आलेलं पत्र वाचून झालं की ते या टोकात टोचायचं, खाली सरकवायचं आणि मला परत खिळ्याला अडकवायचं. एवढंच माझं काम. ते मी नीट केलं की नाही याची मला कधीच खात्री वाटली नाही. ज्याला सांभाळायचं त्यालाच आधी भोक पाडायचं, हे कसलं सांभाळणं, असं मनात येत राहतं.

माझा जन्म किनवटचा. तिथल्या एका निवासी शाळेत दोन तरुण मास्तर होते. अमृतराव मराठी शिकवायचे आणि पुस्तकांची दोन कपाटं सांभाळायचे. शेषेराव सुतारकाम शिकवायचे. शाळेची एक सायकल मोडीत निघाली, तेव्हा तिच्या चाकातल्या दोन काड्या शेषेरावांनी काढून घेतल्या. बाकांसाठी आणलेल्या सागवानाचे तुकडे उरले होतेच. एका रविवारी त्यांनी दोन तारा केल्या. एक मी, दुसरी माझी बहीण. अमृतरावांची बदली लातूरला झाली होती आणि शेषेराव आपल्या गावाकडे, मुदखेडला चालले होते.

"तुझी पत्रं मी हिच्यावर लावतो, माझी तू तिच्यावर लाव," शेषेराव म्हणाले. "तारा भरल्या की समजायचं, म्हातारे झालो."

त्यानंतर कित्येक वर्षं मी बहिणीला पाहिलं नाही. तुटलेल्या सायकलचं एक चाक होतं, त्यात आम्ही शेजारी होतो, एवढीच आठवण.

आणखी एक गोष्ट तिथंच ठरली होती. माहूरगडची रेणुका ही शेषेरावांची देवी. अमृतराव लिंगायत, गळ्यातल्या इष्टलिंगाची रोज पूजा करणारे. त्यांचं दैवत श्रीशैलचा मल्लिकार्जुन. दोघं मिळून माहूरगड चढले आणि उतरताना बोलणं झालं की तुझ्या देवीला मी आलो, आता माझ्या देवाला तू यायचं. जायचं तर दोघांनी मिळून, एकट्यानं नाही.

पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं माझ्यावर महिन्याला एक कार्ड चढत गेलं. शेषेरावांच्या पत्राची पहिली ओळ नेहमी तक्रारीची असायची. गुडघा, पित्त, कानातली शिट्टी. त्यांनी एकदाही प्रकृती बरी असल्याचं लिहिलं नाही. अमृतरावांची उत्तरं ते टाकायच्या आधी मोठ्यानं वाचत, म्हणून मला ठाऊक. ते फार शंकेखोर. तळहातावर लिंग असतं आणि मन बाजारात फिरतं, अशी पूजा पोचते का, असं त्यांनी एकदा विचारलं. शेषेरावांनी उलट टपाली कळवलं, मन बाजारात गेलंच आहे तर येताना भाजी आणायला सांग. प्रत्येक पत्राच्या शेवटी मात्र तेच असे: श्रीशैलचं यंदा नक्की. आणि दरवर्षी काहीतरी आडवं येई. कधी पेरणी, कधी परीक्षा, कधी कुणाचं बाळंतपण.

आधी माझ्यावर नातेवाइकांचीही पत्रं असत. घरी येणारा माणूस मला हात लावून म्हणे, वा, कसं जपून ठेवलंय. मग घराघरांत मोबाइल आले आणि बाकीची पत्रं थांबली. शेषेरावांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्यांचं कार्ड तेवढं येत राहिलं. एकदा अमृतरावांच्या सूनबाईंनी, मंजुश्रीनं, मला वर्तमानपत्रात गुंडाळून भंगारवाल्याच्या गाड्यावर ठेवलं होतं. अमृतराव चप्पल न घालता धावले. त्या दिवसापासून मी मंजुश्रीवर डोळा ठेवून होते. संशय ही माझी जुनी खोड आहे, मित्रांनो. भिंतीवर एका जागी लटकलं की ती लागते.

मागच्या दिवाळीनंतर एक कार्ड आलं. अक्षर शेषेरावांचं, पण थरथरलेलं. वर तारीख नाही, तिथी नाही, आणि हा माणूस तर दोन्ही लिहिल्याशिवाय पुढं जात नसे. मजकूर एवढाच: "श्रीशैलहून परवाच परतलो. गुडघा ठणठणीत आहे. आता माझ्यासाठी थांबू नकोस, घरच्यांना घेऊन तूही जाऊन ये."

अमृतरावांनी ते तीन दिवस मला लावलंच नाही. चौथ्या दिवशी रागारागानं लावलं. माझ्या देवाला मला सोडून गेला, एवढंच ते पुटपुटले. त्या रागात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. माझ्या आली. पत्र टोचताना टक् असा बारीक आवाज होतो. तो झालाच नाही. कार्ड आपोआप सरकत खाली आलं. त्याला आधीच भोक होतं.

मला वाटलं, हे मंजुश्रीचंच काम. पत्र आधी तिच्या हातात पडतं, तीच कुठंतरी खिळ्याला खोचून ठेवत असेल. पुढं पोस्टमनवर संशय घेतला. खरं सांगायचं तर चुकीच्या माणसांवर संशय घेण्यात मी चार महिने घालवले.

दुसऱ्या महिन्यात कार्ड आलं: "आज श्रीशैलला पोचलो. दर्शन झालं. डोळे भरून आले." शिक्का मुदखेडचा. तिसरं ऐन थंडीत आलं: "उद्या निघतोय. ऊन फार आहे, टोपी घेतली." अक्षर पहिल्यापेक्षा सरळ. म्हाताऱ्या माणसाचं अक्षर महिन्यागणिक सुधारतं, असं मी तरी पाहिलेलं नाही. ही दोन्ही कार्डंही आवाज न करता आत आली. अमृतरावांनी दोनदा पत्रात विचारलं की हे काय चाललंय. कुठल्याच प्रश्नाला उत्तर नव्हतं. मंजुश्रीनं मुदखेडला फोन लावला. शेषेरावांची सून सिंधु म्हणाली, मामा बरे हायत, निजलेत. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा ते निजलेलेच.

चौथं कार्ड आलं. "तुला सोडून श्रीशैलला जावं की नाही, ठरत नाही." अमृतरावांनी ते टोचायला वर धरलं आणि त्याच्या मधोमध खिडकीचा उजेड दिसला. ते तसेच थांबले. मग त्यांनी आधीची तिन्ही काढली आणि चारी जमिनीवर मांडली.

मंजुश्री भाकरी करता करता बाहेर आली. "अप्पा, पत्ते खेळून राहिलात का एकटेच?"

त्यांनी सगळं सांगितलं. ती पिठाच्या हातानं खाली बसली आणि बोट ठेवून शेवटच्या कार्डापासून पहिल्याकडे वाचत गेली. जावं की नाही. उद्या निघतो. पोचलो. परतलो.

"हे उलटं येऊन राहिलंय," ती म्हणाली. "टोपल्यात भाकरी ठेवल्यावर काय होतं? शेवटी केलेली आधी ताटात येते. ही पत्रं एकदमच लिहून कुठंतरी चळत लावलीय, अन् कुणीतरी वरची वरची काढून पेटीत टाकतंय."

जे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं ते तिनं सांगितलं. माझ्यावर शेवटी चढलेलं आधी निघतं, हे माझ्याहून कुणाला जास्त ठाऊक? ही कार्डं माझ्या बहिणीच्या अंगावरून येत होती.

अमृतराव हळूच म्हणाले, "एकदम लिहून ठेवली असतील, तर लिहिणारा आज कुठं आहे?"

 दोघांच्याही मनात एकच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पत्रांसकट कापडी पिशवीत घातलं. पुरावा म्हणून. एकट्यानं जायचा त्यांचा विचार होता, पण मंजुश्री पायात चप्पल घालून दारात उभी राहिली. लातूरहून नांदेडपर्यंत एसटी, तिथून मुदखेडची पॅसेंजर. वाटेत अमृतरावांनी दोनदा विचारलं, आपण उगीच तर जात नाही ना, त्यांना राग तर येणार नाही ना. दोन्ही वेळा मंजुश्रीनं पाण्याची बाटली पुढं केली.

शेषेरावांचं घर गावाबाहेर फुलांच्या शेतात होतं. सिंधु अंगणात गुलाब निवडत होती. पिशवीतून डोकावणारी पत्रं बघताच तिनं पदर तोंडाला लावला. ती आत वळली.

शेषेराव खिडकीजवळ बाजेवर बसलेले होते. जिवंत. उजवा हात मात्र मांडीवर, दुसऱ्या कुणी आणून ठेवल्यासारखा. आणि त्यांच्या मागं भिंतीवर माझी बहीण. खाली अमृतरावांची पत्रं, त्यांच्यावर लिहून ठेवलेली आठ नवी करकरीत कार्डं, पत्ते घातलेली. तिची चकती माझ्यासारखीच काळी पडली होती.

अमृतराव खुर्चीवर टेकले. मित्राच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "शेषा, तू श्रीशैलला उलटा गेलास. आधी परत आलास, मग पोचलास, मग निघालास."

शेषेरावांचा अर्धा चेहरा हलत नव्हता. दुसऱ्या अर्ध्यानं त्यांनी आधी सिंधूकडे पाहिलं आणि मग ते हसायला लागले. हसता हसता गालावरून पाणी आलं. तोंडातून जड, मोडके शब्द निघाले, ते सिंधूनं सांगितले. "म्हणतेत, वरून काढलीस व्हय गं."

"मग कुठून काढू, मामा? तारेवर वरलंच हाताला येतं."

मग तिनं सगळं सांगितलं. दसऱ्याच्या सुमारास पहिला छोटा झटका आला. हात जाणार हे त्यांनी ओळखलं आणि आठ दिवसांत बारा कार्डं लिहून काढली. रोज हात जास्त थरथरायचा. मग दुसरा झटका आला, त्यात हात गेला आणि वाचाही गेल्यासारखी झाली. अमृतच्या हृदयात आधीच एक स्टेंट घातलाय, त्याला कळलं तर धावत येईल, असं त्यांचं म्हणणं. आपण श्रीशैलला जाऊन आलो असं कळवलं म्हणजे तो आपली वाट बघणं सोडेल आणि एकदाचा देव बघेल, हाही हिशेब.

"मला रेणुकेची शपथ घातली व्हती, काका," सिंधु म्हणाली. "बाराही टाकायची अन् फोनवर काही सांगायचं न्हाई. तुमची पत्रं मी वाचून दाखवते. उशाखाली हायत."

"मला इतका कच्चा समजलास?" अमृतराव मित्राला म्हणाले. 

शेषेरावांनी मान खाली घातली. तेव्हा मंजुश्री बोलली. "अप्पा, तुम्ही तरी कुठं खरं लिहीत व्हता? संक्रांतीत दोन दिवस दवाखान्यात राहून आलात अन् इकडं लिहिलं, प्रकृती उत्तम. ते पत्र मीच पेटीत टाकलं की."

 मग शेषेरावांनी डावा हात उचलला आणि अमृतरावांच्या गुडघ्यावर एक चापट मारली. बऱ्यापैकी जोरात.

दुसऱ्या दिवशी निघताना सिंधूनं विचारलं, या आठ कार्डांचं काय करू, शपथ तर घेतलीय. अमृतरावांनी बराच विचार केला. "शपथ मोडू नका. आठही पाठवा. फक्त खाली खरं काय ते लिहायचं." शेषेरावांनी डाव्या हाताचं बोट आपल्याच छातीवर ठेवलं. मी लिहीन.

पुढच्या महिन्यात कार्ड आलं. वर सुबक अक्षरात: "गुडघा पुष्कळ सुधारला. देवीच्या कृपेनं काठी सुटली." त्याखाली वाकडंतिकडं, मुंग्या चालल्यासारखं, डाव्या हातानं लिहिलेलं, एकच शब्द: "खोटं."

अमृतराव इतके हसले की मंजुश्री आतून बघायला आली. त्यांनी उत्तर लिहिलं, "माझी प्रकृती उत्तम." आणि खाली तेच लिहिलं, "खोटं." मग गोळ्यांची नावं, पायांची सूज, पूजेत भटकणारं मन, सगळं.

असं आठ महिने चाललं. आठ कार्डं, आठ वेळा खोटं, आणि दर खेपेला तो शब्द जरा सरळ.

या दिवाळीपर्यंत बाराही कार्डं संपली. मी वाट बघत होते आणि माझी जुनी खोड परत डोकं वर काढत होती. एके दिवशी मंजुश्री कार्ड घेऊन आली. तिनं आता मला दर महिन्याला खोबरेल लावायचा नेम धरला आहे, तेव्हा तिच्याविषयी मी जे काही बोलले ते मागं घेते. अमृतरावांनी कार्ड उजेडाकडे धरलं. उजेड आला नाही. चार ओळी, सगळ्या डाव्या हाताच्या:

"उजवा हात गेला. डावा शिकतोय. श्रीशैलला मी गेलेलो नाही. तूही एकटा जाऊ नकोस."

मित्रांनो, माझं म्हणणं ऐकाल का? तार असो की डबा, आलेली पत्रं जपा. मला गंज चढू देऊ नका, मी फार काही मागत नाही. पण तुमचा मित्र एकाएकी सगळं छान आहे असं कळवू लागला, तर संशय घ्या. आणि माझ्यासारखं नुसतं भिंतीवर लटकून संशय घेत बसू नका. पिशवी उचला आणि जाऊन बघा.

अमृतरावांनी मला खिळ्यावरून काढलं. दोन ओळींच्या मधली कोरी जागा त्यांनी चष्मा पुसून शोधली, एकाही अक्षराला लागणार नाही अशी. मग हलक्या हातानं दाबलं. कार्डानं थोडा नकार दिला, आणि वर्षभरात पहिल्यांदा मला तो आवाज ऐकू आला.

टक्.