देव्हाऱ्यातला गार्ड

अंबडच्या त्या कारखान्यात सकाळपाळीचं काम टाकून सगळे करवतीभोवती जमले होते. इथे लाकडी चौकटीच्या तयार भिंती बनायच्या. त्या ट्रकने रिसॉर्टवाल्यांकडे जायच्या आणि बघता बघता घर उभं राहायचं. अशी झटपट घरं बनवणारी माणसं आज हात जोडून खोळंबली होती, कारण करवतीपुढे झुंबरनाथ महाराज बसले होते.

"बटण बंद करा," महाराज म्हणाले. करवतीवरच्या सोमाने बटण दाबलं. मोटार गप्प झाली, पण पातं गरगर फिरतच राहिलं.

"बघा, लाइट नाही तरी फिरतंय. कोण फिरवतंय? उपाशी आहे ती. दोन बोटांनी तिचं काय होणार?" महाराजांनी डोळे मिटले, हात पुढे केला, काहीतरी पुटपुटले, मध्येच खाकरले. पातं हळूहळू थांबलं. लोकांनी जयजयकार केला.

मागे स्नेहल उभी होती. कामगारांच्या सुरक्षेची जबाबदारी तिची. करवतीचा ब्रेक झिजलाय, पातं लवकर थांबत नाही, हे तिने मालक खंडेराव शेठना कितीदा सांगितलं होतं. शेठ म्हणायचे, बघू. महाराजांना मात्र त्यांनी गाडी पाठवून आणलं. तिला आता रागावण्याचाही कंटाळा आला होता.

गर्दीच्या कडेला नामपूरचा मल्हारी होता, उजव्या हाताला जाड पट्टी बांधलेली. गेल्या आठवड्यात त्याची दोन बोटं याच पात्याखाली गेली होती.

"याचा नवस फिटलेला नाही," महाराजांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "हा इथे राहिला तर उद्या दुसऱ्याची बोटं जातील. याला घरी पाठवा."

शेठनी मान डोलावली. मल्हारी जमिनीकडे बघत राहिला. खोट आपल्यातच आहे अशी त्याची खात्री पटलेली दिसत होती, आणि ते मात्र स्नेहलला बघवेना.

"सोमादादा, परत चालू करा. आणि बंद करा."

"अहो मॅडम, महाराज बसलेत," शेठ म्हणाले.

"एकदाच, शेठ."

सोमाने बटण चालू करून बंद केलं. पातं फिरत राहिलं. स्नेहलने हात पुढे केला आणि थकल्या आवाजात सुरू केलं, "मेथी, शेपू, गवार, भेंडी, दोडका, तोंडली, घेवडा..." लोक एकमेकांकडे बघू लागले. कारलं झालं, पडवळ झालं, आणि वांग्यापाशी पातं थांबलं. कुणीतरी फिसकन हसलं.

"माझ्यात काही शक्ती नाही," ती म्हणाली. "बटण बंद केल्यावर पंखा फिरत राहतो, तसंच हे. आधी ब्रेक त्याला धरायचा. महाराज ते थांबेपर्यंत मंत्र म्हणतात, मी भाज्या म्हटल्या."

"मंग याची बोटं कशी गेली?" खिळे ठोकायच्या टेबलावरच्या मालनबाईंनी विचारलं.

"मशीन बंद करून मल्हारीदादा अडकलेली ढलपी काढायला गेले. कॉम्प्रेसरच्या आवाजात पातं फिरतंय हे कळलं नाही. वर गार्ड असता तर हात पात्यापर्यंत पोचलाच नसता."

"गार्ड तर देवापाशी हाय," सोमा हळूच म्हणाला.

खंडेनवमीला पात्याला हळदीकुंकू वाहायचं म्हणून ते लोखंडी झाकण काढलं होतं. त्यालाही कुंकू लागलं, हार पडला, आणि कुणीतरी ते ऑफिसातल्या देवीच्या फोटोशेजारी ठेवलं. पुजलेली वस्तू परत भुशात कशी आणायची, म्हणून कुणी हात लावला नाही. तेव्हापासून गार्डला रोज उदबत्ती मिळत होती आणि खाली पातं उघडं होतं.

स्नेहल गेली आणि गार्ड घेऊन आली.

"कोप होईल," महाराज म्हणाले.

"झालाय की. मल्हारीदादांच्या हातावर."

सोमाने पुढे होऊन गार्ड बसवला आणि बोल्ट आवळले. महाराजांना अचानक दुसरीकडे जायचं आठवलं.

मल्हारी जवळ आला. "मंग माझी चूक नव्हती, ताई?"

"नव्हती. आणि तुम्ही घरी जाणार नाही. हो ना, शेठ?"

शेठनी बसवलेला गार्ड हलवून पाहिला. "नाही जाणार," ते म्हणाले. "ब्रेकचंही आजच बघतो."

मल्हारीने सवयीने हात जोडायला उचलले, पण पट्टीमुळे ते नीट जुळेनात.

देवापुढे हात जोडायला कुणाचीच ना नाही. फक्त जोडायला दोन्ही हात शाबूत हवेत, आणि ते शाबूत ठेवायचं काम देवावर टाकू नका. त्यासाठी गार्ड आहे, तो मशीनवर लावा.