चौदा नंबरची वाट

जालन्याच्या छावणीतून पलटण उठून गेली आणि तिच्या रिकाम्या बराकींत पुढं शाळा आणि बोर्डिंग सुरू झालं. इमारती सगळ्या एकसारख्या, काळ्या दगडाच्या, लांबलचक, वर कौलं. पलटणीनं त्यांना दिलेले नंबरच शाळेनं चालू ठेवले होते. नऊ नंबर म्हणजे दवाखाना, सहा नंबर म्हणजे जेवणघर. पण भिंतींवरचे आकडे केव्हाच पुसले होते. जून लागला की टेंभुर्णी, भोकरदन, बदनापूरकडची पोरं पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन फाटकातून आत येत आणि तिथंच थबकत. पाणी कुठं, संडास कुठं, काही उमगत नसे. विचारावं लागे, आणि विचारायचं म्हणजे रामरावला.

रामराव एका देशमुखाचा मुलगा, दहावीत दोनदा नापास झालेला, अंगानं दांडगा. त्याचा जोडीदार रशीद, पोलीस अमीनाचा, म्हणजे फौजदाराचा, मुलगा. दोघं फाटकाजवळच्या चिंचेखाली बसून असत. जो नवा पोरगा त्यांचे कपडे धुवायला, पाय चेपायला कबूल होई त्याला ते बराबर वाट सांगत. जो होत नसे त्याला म्हणत, "चौदा नंबरला जा." चौदा नंबर म्हणजे घोड्यांचा जुना तबेला. तिथं त्यांची माणसं चामड्याचे पट्टे घेऊन बसलेली असत. तिथून परत आलेला पोरगा मग महिनाभर कुणाच्या नजरेला नजर देत नसे. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण देशमुख आणि अमीन, दोन्ही नावं जड होती.

खुर्शीदमास्तर तिथं चित्रकला शिकवायचे. सव्वीस वर्षांचे, बारीक चणीचे, नवं लग्न झालेले. बायको लालबीला घेऊन ते आवारातच दोन खोल्यांत राहत. साल एक्केचाळीस. त्या जूनमध्ये एका शुक्रवारी, जुम्म्याच्या सुट्टीच्या दिवशी, ते नमाजाहून परत येत होते, तेव्हा तबेल्याच्या दारात त्यांना एक पोरगा पालथा पडलेला दिसला. त्यांनी त्याला उताणा केला आणि त्यांचे हात रक्तानं भरले. पट्ट्याचं पितळी बक्कल डाव्या डोळ्यात घुसलं होतं. उजवा हात कोपरापर्यंत सुजून निळा पडला होता.

"इच्चू चावला," पोरगा ओठातल्या ओठात म्हणाला. "दवाखाना इचारला म्या. ते म्हनले चौदा नंबर."

"किसने मारा? कुणी मारलं तुला?"

"इचारलं म्हनून मारलं. पाय चेपीत न्हाई म्हनलो."

त्याचं नाव बद्रीनाथ. भोकरदनजवळच्या एका खेड्यातल्या रखमाजीचा थोरला मुलगा. मास्तरांनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत पळत नेलं. दवाखाना तबेल्यापासून उलट्या टोकाला होता. विंचवाचं विष उतरलं. डोळा गेला.

हेडमास्तरांनी पोराचं म्हणणं ऐकून घेतलं, खिडकीकडं पाहिलं आणि म्हणाले, "अंधारा तबेला आहे. खुंटीवर आपटला असेल."

दुसऱ्या दिवशी खुर्शीदमास्तरांनी एवढंच मागितलं, की फाटकासमोरच्या भिंतीवर आवाराचा नकाशा काढू द्या. हेडमास्तरांना त्यात काही धोका दिसला नाही. त्यांच्या खोलीत पलटणीच्या वेळचा एक नकाशा होताच. नुसते चौकोन आणि त्यात इंग्रजी आकडे.

मास्तरांनी आधी त्याचीच नक्कल कागदावर केली, आकड्यांच्या जागी उर्दूत आणि मराठीत नावं घातली. कागद नव्या पोरांच्या हातात दिला आणि म्हणाले, "जा, पाणी पिऊन या." आपण मागं मागं चालले. पोरं फाटकातून निघाली ती सरळ उलट्या बाजूला वळली. दुसरा गटही तिकडंच. एकानं कागद फिरवून डोकं खाली, पाय वर असा धरला, तेव्हा कुठं तो विहिरीला पोचला. मग मास्तरांच्या ध्यानात आलं. फाटक उत्तरेला. आत येणाऱ्याचं तोंड दक्षिणेला. आणि नकाशात उत्तर वर, म्हणजे पोराचा उजवा हात कागदावर डावीकडं.

"उत्तर गेली खड्ड्यात," ते लालबीला म्हणाले. "पोरगा जसा उभा राहील, तसा नकाशा."

त्यांनी पोरांनाच विचारलं, पहिल्या दिवशी काय शोधलं? पाणी, सगळ्यांनी सांगितलं. मग संडास. मग दवाखाना, जेवणघर, आणि घरी पत्र टाकायची पेटी. वर्गखोल्यांचं नाव कुणी घेतलं नाही. मास्तरांनी भिंतीला चुना दिला आणि गेरू, नीळ, काजळी घेऊन चित्रं काढली: विहिरीवर निळी घागर, दवाखान्यावर पट्टी बांधलेला हात, जेवणघरावर भाकरी, संडासावर टमरेल. वाचता न येणाऱ्यालाही कळावं असं. बद्रीनाथ डोळ्याला पट्टी बांधून रंग कालवून देई. तबेल्याची जागा मास्तरांनी रिकामी सोडली होती. बद्रीनाथ म्हणाला, "मास्तरसाब, ते बी दाखवा. काळं करून टाका. म्हंजी तिकडं कोनी जानार न्हाई."

मास्तरांनी तो चौकोन काजळीनं गच्च भरला.

आठवडाभरात चिंचेखाली कुणी थांबेनासं झालं. पोरं भिंतीपाशी येत, बोटानं वाट काढत आणि चालू लागत. रामरावचे कपडे मळलेलेच राहिले. एका सकाळी सगळ्या नकाशावर डांबर ओतलेलं होतं. मास्तरांनी ते खरवडलं, पुन्हा चुना दिला, पुन्हा काढायला घेतलं.

"तुम मत जाव जी," लालबी म्हणाली. "मैं हात जोडती. आंख फोडे सो लोगां हैं वो."

"दिवसाढवळ्या काय करतात?" मास्तर म्हणाले आणि ब्रश घेऊन गेले.

जुम्म्याची दुपार होती. बोर्डिंग बाजारात गेलं होतं. मास्तर निळी घागर रंगवत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी त्यांच्या डोक्यावर पोतं टाकलं. गुडघ्यांवर काठ्या बसल्या. ते पडले. दोघं छातीवर बसले, एकानं उजवा हात ओढून फाटकाच्या दगडी उंबऱ्यावर ठेवला आणि मनगटावर पाय दिला.

"घागर काढतो का रे? काढ घागर!"

रशीदचा तो आवाज मास्तरांनी दोन वर्षं वर्गात ऐकला होता. मग कपडे धुवायची लाकडी मोगरी खाली आली. एकदा. पुन्हा. हाडं मोडल्याचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला, वाळलेली तुराटी मोडावी तसा. तिसऱ्या घावाला ते ओरडले आणि मग ओरडायचं त्राणही उरलं नाही. पोरं पळाली तेव्हा पोत्याच्या विणीतून त्यांना रामरावचे नाल मारलेले बूट दिसले.

चार बोटं मोडली होती. डॉक्टरांनी कामट्या लावून हात बांधला. हेडमास्तर दवाखान्यात आले, तेव्हा मास्तरांनी दोन्ही नावं स्पष्ट सांगितली.

"चेहरा पाहिला?"

"आवाज ओळखला. बूट ओळखले."

"आवाजावर मी अमीनसाहेबांच्या मुलाचं नाव लिहू? खुर्शीदमियां, तुमची नोकरी कच्ची आहे अजून."

बद्रीनाथ पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं ते सगळं ऐकलं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर घरी पडून होते. लालबी धावत आत आली. "तबेले में मारामारी चालू है. छोटे बच्चे बडों को मार रहे!"

मास्तर अनवाणी पळाले. तबेल्याभोवती धुरळा उठला होता. नवी पोरं, ज्यांना महिन्यापूर्वी विहीर सापडत नव्हती, ती चारी बाजूंनी आत घुसली होती. कुणी विटा उचलल्या होत्या, कुणी पेटीच्या कड्या, कुणी जेवणघरातलं जळण. रशीद कौलांवरून उडी टाकून पळाला होता. रामराव-रशीदची बाकीची पोरं कोपऱ्यात हात जोडून बसली होती, त्यांच्या अंगावर लाथा पडत होत्या. दहा-बारा वर्षांची पोरं दात खाऊन लाथा घालत होती. मधोमध रामराव पडला होता. त्याचा जबडा एका बाजूला सरकला होता आणि तोंडातून रक्ताची लाळ लोंबत होती. त्याच्या छातीवर बद्रीनाथ बसला होता. हातात तोच चामड्याचा पट्टा, बक्कल बाहेरच्या बाजूला.

"कोनता डोळा?" तो विचारत होता. "सांग ना! डावा का उजवा? तूच वाट सांगायचास ना सगळ्याला?"

"बद्री!"

त्यानं ऐकलं नाही. पट्टा वर गेला आणि खाली आला. रामरावनं मान फिरवली म्हणून बक्कल कानावर बसलं आणि कान फाटला. पट्टा पुन्हा वर गेला. मास्तरांनी डाव्या हातानं बद्रीनाथचं मनगट धरलं. पोरगं हिसडा देऊन सुटलं, आणि सुटता सुटता पट्टा मास्तरांच्या बांधलेल्या हातावर बसला. डोळ्यांसमोर अंधार आला. त्या अंधारातच मास्तरांनी सगळं बळ एकवटून बद्रीनाथच्या तोंडात मारली. पोरगं कोलमडून पडलं. मास्तरांनी आयुष्यात कधी कुणावर हात उगारला नव्हता. छडी त्यांच्या वर्गात नव्हती.

पोरांच्या हातांतली लाकडं खाली पडू लागली.

बद्रीनाथ गाल धरून बसला होता. "मला मारलं तुमी," तो म्हणाला. "त्याला न्हाई मारलं. मला."

मास्तर त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. "तो मेला असता, बेटा. तुझ्या हातानं."

"मंग मरू द्यायचा व्हता!" आणि तो एका डोळ्यानं ढसाढसा रडू लागला.

चौकशी झाली. या वेळी नावं लिहायला कुणाला अडचण आली नाही. देशमुख बंदूकवाले दोन गडी घेऊन आले आणि हेडमास्तरांच्या टेबलावर मूठ आपटून गेले. खुर्शीदमास्तरांना विचारलं, पट्टा कुणाच्या हातात होता? ते म्हणाले, "बद्रीनाथच्या. मी खोटं बोलणार नाही. पण डोळ्याचंही लिहा. माझ्या हाताचंही लिहा. नाहीतर माझी सही मिळणार नाही." पोरांनी बाहेर गर्दी केली होती आणि ती हलत नव्हती. शेवटी तिन्ही गोष्टी लिहिल्या गेल्या. रामराव आणि रशीदचं नाव शाळेतून काढलं. बद्रीनाथचंही काढलं.

मास्तरांनी त्याला एकटं धाडलं नाही. दोघं मोटारीनं भोकरदनला गेले, तिथून बैलगाडीनं. गाडी खळ्याशी थांबली तशी रखमाजी समोर आले. पोराचा डोळा त्यांनी दवाखान्यात पाहिला होता. पण पेटीसकट परत आलेलं पोरगं पाहून त्यांना सगळं कळलं.

"काढून टाकलं का रे? येवढा खर्चा करून धाडलं तुला, आन् तू हानामाऱ्या करून राह्यला?" त्यांनी गाडीतला बैल टोचायच्या तुतारीचा दांडा ओढून घेतला आणि उगारला.

बद्रीनाथ जागचा हलला नाही. त्यानं हातही वर केले नाहीत.

मास्तर मध्ये शिरले. दांडा त्यांच्या डाव्या खांद्यावर बसला.

"मास्तरसाब!" रखमाजी हादरले. "आवो, तुमी कशाला मधी..."

"बस झालं, रखमाजीभाऊ," मास्तर म्हणाले. खांदा चोळायला त्यांच्याकडं धड हात नव्हता. "त्याला शाळेत मारलं. मीही मारलं. आता घरी नको."

रखमाजी दांड्याकडं बघत राहिले आणि मग त्यांनी तो गाडीखाली टाकून दिला. आतून बद्रीनाथची आई दुर्गाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं आधी पोराच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग मास्तरांच्या पुढं तांब्या धरला. मास्तर आणि बद्रीनाथ गाडीच्या सावलीत बसले.

"तुमी थांबवलं नसतं मला त्या दिशी," बद्रीनाथ अखेर म्हणाला, "तं म्या थांबलो नसतो."

"ठाऊक आहे."

"अजून बी राग येतो. तुमचा बी येतो."

"येऊ दे," मास्तर म्हणाले. "दिवाळीनंतर भोकरदनच्या शाळेत नाव घालू. तिथल्या मास्तरांशी मी बोलतो. राग घेऊनच ये."